जात नाही म्हणणाऱ्यांची जात

मुसलमानांत जात नाही, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मिंबरवरून ऐकले, सीरतच्या जलशात ऐकले, उर्दूच्या पाठ्यपुस्तकात वाचले आणि पुढे वर्गात शिकवलेही. लग्नाच्या बैठकीतही ते ऐकू येते. तिथे मात्र त्याला एक शेपूट असते. "वैसे तो अपने में जात-पात कुछ नईं, मगर आप लोग असल में किधर के?" हे 'किधर के' गाव विचारत नाही. समोरच्याने सातारा म्हटले, सोलापूर म्हटले, आझमगड म्हटले, तरी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. मग आडनाव, मग आजोबांचा धंदा, मग आजोळ. एवढे सगळे झाल्यावर चहा येतो आणि चहाच्या कपावरूनच कळते की गोष्ट पुढे जाणार की इथेच थांबणार.

हिंदू समाजात जात उघडी आहे. तिला नाव आहे, ग्रंथ आहे, तिच्याविरुद्ध लढलेल्या फुले-आंबेडकरांची परंपरा आहे, तिच्यासाठी कायदाही आहे. आपल्याकडे तीच गोष्ट पडद्यात आहे. पडद्यातल्या गोष्टीशी भांडता येत नाही, कारण ती आहे हेच कोणी कबूल करत नाही. आमची तक्रार जातीबद्दल जेवढी आहे, त्याहून अधिक या पडद्याबद्दल आहे.

नवी मुंबई हे तसे काल-परवाचे शहर. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर सेक्टर आखले गेले, रस्ते सरळ झाले, घरांना नावांऐवजी नंबर मिळाले. १९९२ च्या जानेवारीत महानगरपालिका सुरू झाली. सेक्टरच्या नंबराला जात नसते, असे आमच्यासारख्या भाबड्यांना वाटले होते. इथे तळोजा, पनवेल, उरण भागातले मूळचे कोकणी मुसलमान होते. बाजार समिती मुंबईहून वाशी-तुर्भ्याला हलली तेव्हा तिच्याबरोबर घाटावरचे बागवान, अत्तार, तांबोळी आले. कारखान्यांत, गोदामांत आणि बांधकामांवर उत्तरेकडचे अन्सारी, मन्सुरी, इद्रीसी, सलमानी आले. मुंबईत घर परवडेना म्हणून भेंडीबाजार, कुर्ला, मुंब्रा सोडून शिकलेली, नोकरदार कुटुंबे आली. सगळे एकाच सफमध्ये नमाज पढतात, खांद्याला खांदा लावून. सलाम फिरवला की सफ मोडते. सफ मोडल्यावर कोण कोणाबरोबर बाहेर पडतो, कोण कोणाच्या ओटीवर बसतो आणि कोणाच्या घरी शिरखुर्म्याचा डबा जातो पण तिथून आलेला डबा मोलकरणीला दिला जातो, हे पाहायला काही समाजशास्त्रज्ञ असावे लागत नाही.

कोकणी समाजाबद्दल लिहिताना आम्हाला थोडे जपून लिहावे लागेल, कारण या अंकाचे कितीतरी वाचक कोकणी आहेत आणि त्यांच्या जमातींनी शाळा काढल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, मुलींना शिकवले, हे ऋण मोठे आहे. तरीही विचारावेसे वाटते : खोती १९४९ च्या कायद्याने गेली, मग 'आम्ही खोतांचे' हे लग्नाच्या निरोपात अजून का येते? १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये इंग्रज अधिकाऱ्याने जमाती मुसलमान आणि मासेमारी करणारे दालदी यांची वेगवेगळी नोंद केली आहे. तो अधिकारी गेला, त्याचे राज्य गेले. पण किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात दालदी मुलाचा पैगाम जमाती घरात गेला तर काय होते, हे वाचकांनी स्वतःच्या मनाला विचारावे. आखातातल्या रियालांनी घरे बदलली, बंगल्यांना संगमरवर लागला, दालदी घरांतूनही इंजिनिअर निघाले. 'उनकी बात अलग है' हे शब्द मात्र बदललेले नाहीत.

कित्येक गावांत मशीद अल्लाहची, पण तिची जमात गावकऱ्यांची. नमाज कोणीही पढावी, चंदा कोणीही द्यावा, पण सभासद मात्र ठरावीक घराण्यांतलाच. वीस-पंचवीस वर्षे त्याच मशिदीत पहिल्या सफमध्ये उभा राहणारा माणूस जमातच्या सभेत बोलायला उठला तर त्याला 'तुम्ही बाहेरचे' म्हणून बसवतात. त्याच्या घरी मयत झाली की कब्रस्तानची चावी कोणाकडे, परवानगी कोणाची, हा प्रश्न गुसल देण्याआधी येतो. हा अनुभव असलेले लोक नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये सापडतील. ते जाहीरपणे बोलत नाहीत. उद्या आणखी एक जनाजा उचलायचा असतो.

आणि केवळ कोकणी लोकांनाच बोल लावायचा म्हटले तर तो अन्याय होईल. उत्तरेतून आलेला सय्यद इथल्या दखनी मुसलमानाला अर्धा हिंदू समजतो. सातारा-सांगलीचा शेख मुलाण्याला, मुलाणी पिंजाऱ्याला आणि पिंजारी छप्परबंदाला खाली पाहतो. मेमनांत हलाई वेगळे, कच्छी वेगळे. ज्याला वरून लाथ बसते तो खाली कोणीतरी शोधतो. डॉ. आंबेडकरांनी हिंदू जातिव्यवस्थेत जी चढती-उतरती भाजणी दाखवली, तिची नक्कल आपण फार सफाईने केली आहे. बाबासाहेबांनी आपल्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार देऊन मुसलमानांतल्या अश्रफ, अजलाफ आणि अर्जल या थरांबद्दल लिहिले आहे. आपले लोक त्या ग्रंथातला फाळणीचा भाग वादासाठी वाचतात, ती पाने उलटून पुढे जातात.

शाळेत हे सगळे अधिक लवकर दिसते, कारण मुले खोटे बोलायला उशिरा शिकतात. उर्दू माध्यमाच्या वर्गात पहिली पायरी जिभेची असते. ज्याचे शीन-काफ दुरुस्त, तो शरीफ घराण्यातला. तो नात पढणार, तो तकरीर करणार, पाहुणे आले की त्यालाच पुढे उभे करणार. सोलापूरकडच्या मुलाने 'हमना जानेका है' म्हटले की वर्ग हसतो. त्या मुलाच्या घरात तीन पिढ्या मराठी आणि दखनी बोलली गेली. त्याचे मराठी पुस्तकातल्या धड्यापेक्षा ठसकेबाज असते. पण त्या मराठीला गुण नाहीत, त्या दखनीला इज्जत नाही. दखनी ही कुली कुतुबशाहच्या दरबाराची भाषा होती, लखनौच्या नजाकतीहून दीडशे-दोनशे वर्षे जुनी, हे सांगितले तर मुलांना गंमत वाटते. काही पालकांना रागही येतो.

पण आम्हाला आज लिहायचे आहे ते शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल. त्यात एक रकाना असतो, धर्म, जात व पोटजात. मूल पहिलीत दाखल होते त्या दिवशी तो भरला जातो. वडील येतात. आम्ही विचारतो, जात काय लिहायची? उत्तर ठरलेले : "मुसलमान लिखो ना, और क्या." फारच झाले तर 'सुन्नी मुस्लिम'. थोडे अधिक खोदले तर वडील खुर्चीत सावरून बसतात, इकडे-तिकडे पाहतात, दुसरा पालक बाहेर गेला की खाली आवाजात सांगतात : पिंजारी. आणि लगेच, "मगर वो मत लिखो."

त्या एका 'मत लिखो'ची किंमत दहा वर्षांनी कळते. मुलगी दहावीला चांगले गुण मिळवते, पुढे डिप्लोमाला किंवा नर्सिंगला जायचे असते. कोणीतरी सांगते की पिंजारी ओबीसीत आहेत, फीमध्ये सवलत आहे. घर धावत सुटते. प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारतात, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा आणा, जातीची नोंद असलेला. वडिलांच्या दाखल्यावर 'मुसलमान'. काकाच्या दाखल्यावर 'इस्लाम', जणू तो जातीचा प्रकार आहे. आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. मग गावी जाऊन तहसीलमधून कोतवाल बुकाचा उतारा काढायचा. तो मोडीत असतो, मोडी वाचणारा शोधायचा. कधी नशिबाने त्यात पणजोबाच्या जन्मापुढे 'मुसलमान पिंजारी' असे स्वच्छ लिहिलेले निघते. इंग्रजी अमलातल्या कोण्या कुळकर्ण्याने वा कोतवालाने जे बिनदिक्कत लिहिले, ते आपण स्वतंत्र देशात तीन पिढ्या खोडत आलो. प्रमाणपत्र मिळाले तरी पुढे जात पडताळणी समिती, नॉन-क्रिमिलेअर. तोवर प्रवेशाची तारीख निघून गेलेली असते. शाळेच्या नोंदीत दुरुस्ती करायची तर मूल शाळेत असतानाच शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने करावी लागते. शाळा सुटली की नोंद दगडासारखी.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. दरवर्षी जून-जुलैत दाखल्यासाठी जी रांग लागते, तिच्यात अशी चार-सहा घरे असतातच. त्यांच्याकडे पाहून आम्हाला दया येते आणि रागही येतो. राग त्या बापावर नाही. 'पिंजारी' हा शब्द खाली आवाजात उच्चारावा लागतो अशी हवा ज्यांनी तयार केली, त्यांच्यावर आहे.

या सवलती काही आभाळातून पडलेल्या नाहीत. जालन्याच्या शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधली, गावोगाव फिरून पिंजाऱ्याला, बागवानाला, तांबोळ्याला, मोमिनाला सांगितले की मंडल आयोग तुझाही आहे. मंडलचा अहवाल १९८० चा, अंमलबजावणीची घोषणा ऑगस्ट १९९० मध्ये झाली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९२ मध्ये ती उचलून धरली. मुसलमान असूनही मागासवर्गीय असू शकतो, हे सरकारला आणि त्याहून अधिक मुसलमानांना पटवायला बरीच वर्षे गेली. डिसेंबर १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने मुस्लिमांतील व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या जातींना ओबीसी सवलतींचा रस्ता खुला झाला. नव्वदच्या दशकात या चळवळीच्या सभांना दिलीपकुमार जात असत, ज्यांचे वडील फळांचे व्यापारी होते. विलास सोनवणे, फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या विचारवंतांनी या प्रश्नाला मराठीत शब्द दिले. आणि आपल्या शरीफ मंडळींनी काय केले? त्यांनी या लोकांना 'मिल्लतमध्ये फूट पाडणारे' म्हटले.

फुटीचा हा आरोप आम्हाला नीट तपासून पाहायचा आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत १९९९-२००० साली देशातल्या ३१.७ टक्के मुसलमानांनी स्वतःला ओबीसी म्हणून नोंदवले. २००४-०५ मध्ये तेच प्रमाण ४०.७ टक्के झाले. पाच वर्षांत काही एवढी ओबीसी मुले जन्मली नव्हती. माणसे तीच होती, त्यांनी सांगायला सुरुवात केली एवढेच. या सांगण्याने कोणती मशीद फुटली? कोणत्या ईदगाहात दोन जमाती उभ्या राहिल्या? उलट फूट होती ती आधीपासून होती, वलीम्याच्या यादीत होती, कब्रस्तानच्या कुलुपात होती. तिला कोणी फूट म्हटले नाही, कारण ती वरच्याला सोयीची होती.

आता दीनचा मुद्दा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात अरबाला अरबेतरावर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे सांगितले, हे प्रत्येक मुसलमान मुलाला पाठ आहे. सूरह हुजुरातची शिकवणही तीच. हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव घेतल्याशिवाय आपला एकही जलसा पुरा होत नाही. पण जलशातून घरी आल्यावर घरातल्या कपाटात जे पुस्तक असते, त्याचे काय? 'बहिश्ती जेवर' हे पुस्तक आपल्याकडे मुलीला लग्नात देतात. त्यात कुफूचे, म्हणजे बरोबरीच्या स्थळाचे प्रकरण आहे. त्यात वंश पाहावा, धंदाही पाहावा, विणकर हा शिंप्याच्या तोडीचा नाही, न्हावी-धोबीही नाहीत, असा हिशेब मांडलेला आहे. हनफी आणि शाफई, दोन्ही फिकहच्या ग्रंथांत कुफूची चर्चा आहे. इमाम मालिक यांनी मात्र मुख्यतः दीनदारीच धरली. म्हणजे रस्ता होता, आपल्या बुजुर्गांनी तो घेतला नाही. सहीह मुस्लिममध्ये फातिमा बिन्ते कैस यांची हकीगत आहे. कुरैश घराण्यातल्या या स्त्रीला प्रेषितांनी (स.) उसामा बिन जैद यांच्याशी लग्न करायला सांगितले. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. तिला आधी ते रुचले नव्हते, तरी तिने निकाह केला आणि त्यात बरकत झाली असे ती स्वतः सांगते. ही हकीगत आम्ही निकाहच्या खुत्ब्यानंतरच्या एकाही बयानात ऐकलेली नाही. बिलाल चालतात, कारण बिलाल यांच्या नावाने फक्त अजान द्यायची असते. उसामांच्या गोष्टीत मुलगी द्यावी लागते.

शिवाय आपली शरीयतनिष्ठाही निवडक आहे. १९३७ च्या शरीयत कायद्याने मुलीचा वारसाहक्क मान्य केला, पण शेतजमीन त्यातून वगळलेली. जी जमीन वगळलेली नाही, जे सेक्टरमधले फ्लॅट आहेत, साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेले भूखंड आहेत, त्यात किती बहिणींना हिस्सा मिळाला? तिथे 'अपने में बहन हिस्सा नईं लेती' हा रिवाज चालतो. मुलगी दुसऱ्या बिरादरीत जायला निघाली की रिवाज बाजूला ठेवून कुफूची शरीयत निघते. दोन्ही ठिकाणी नुकसान तिचेच.

आणि तिचे नुकसान साधे नाही. आमच्याबरोबर बी.एड. केलेल्या, डी.एड. केलेल्या कितीतरी मुली आज तिशीच्या पुढे अविवाहित आहेत. शिकल्या म्हणून नव्हे. बिरादरीत शिकलेला मुलगा नाही आणि बिरादरीबाहेरचा चालत नाही म्हणून. मग दोनच वाटा. एकतर दहावी नापास चुलतभावाशी निकाह करून नोकरी सोडायची, नाहीतर 'उमर निकल गई' हे ऐकत पगार भावाच्या हातात देत राहायचे. हे पाहून धाकट्या बहिणीला आठवीनंतरच घरी बसवतात, म्हणजे स्थळाचा त्रास नको. शाळेतली पटसंख्या घटली की आम्ही गरिबीला दोष देतो, शौचालयांना दोष देतो. ते खरे आहेच. पण बिरादरीचा दोष कोणी अहवालात लिहीत नाही. उर्दू वर्तमानपत्रांतल्या जरूरते-रिश्ताच्या जाहिराती वाचाव्यात. क्वचित एखाद्या जाहिरातीत असते, 'जात-बिरादरी की कैद नहीं'. बहुधा मुलगी घटस्फोटित असते किंवा वयाने मोठी. म्हणजे कैद उठते ती नाइलाज झाल्यावर. आणि कैद हा शब्द आम्ही वापरलेला नाही, जाहिरात देणाऱ्यांचाच आहे.

नावे बदलून पाहिली, त्यानेही फारसे साधले नाही. जुलाहे अन्सारी झाले, कसाई कुरेशी झाले, पिंजारी मन्सुरी झाले, दर्जी इद्रीसी, हज्जाम सलमानी. अरबस्तानातला किंवा पूर्वीच्या नबी-वलींतला एखादा पूर्वज शोधला की धंद्याची लाज जाईल असे वाटले. माणसाने आपले नाव आपण ठरवावे, त्याला आमचा विरोध नाही. पण कापूस पिंजण्यात लाजण्यासारखे काय होते? ज्या गादीवर शरीफ झोपले ती कोणी भरली? २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढवला गेला आणि हजारो कुरेशी घरांचा धंदा बसला. तेव्हा आमच्या ओळखीच्या सुशिक्षित वर्तुळात चर्चा काय होती? 'बडे का' मिळत नाही, खर्च वाढला, ही. ज्यांची चूल बंद झाली ते आपल्यातले वाटलेच नाहीत, कारण ते 'कसाई' होते.

सगळ्यात खालच्यांचे तर नावच घेतले जात नाही. सच्चर समितीने अर्जल म्हटले ते, म्हणजे मेहतर, हलालखोर, लालबेगी. सफाई करणाऱ्यांना हलालखोर हे नाव अकबराने दिले असे आईन-इ-अकबरीत आहे. नाव सुंदर दिले, काम तेच ठेवले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत भंगी, मेहतर यांच्याबरोबर हलालखोर आणि लालबेगी ही नावे आजही छापलेली आहेत. पण तो मुसलमान असेल तर त्याला अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने आधी फक्त हिंदू धरले, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मुसलमान आणि ख्रिस्ती दाराबाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हटले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन विरोध केला. त्यातला युक्तिवाद असा, की या धर्मांच्या समाजांत तशी अस्पृश्यता नव्हती.

वाचकहो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटत नाही का? हा तर आपल्याच मिंबरवरचा. जे सरकार एरवी आपले एक ऐकत नाही, त्याने आपल्या मौलवींचे हे एकच वाक्य उचलले, आणि तेही आपल्यातल्या सर्वांत गरीब माणसाच्या विरोधात. त्याच वर्षी त्याच पक्षाने 'पसमांदा' मुसलमानांचा कळवळा जाहीर केला होता. पसमांदा शब्द तोंडात आणि तिसरा परिच्छेद कायम. या दुटप्पीपणाबद्दल आम्हाला काही भ्रम नाही. पण म्हणून पसमांदांचा प्रश्नच खोटा, तो विरोधकांनी पेरलेला, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अली अन्वर यांनी बिहारमध्ये पसमांदा मुस्लिम महाज १९९८ मध्ये काढला. तेव्हा हा शब्द दिल्लीत कोणाला माहीतही नव्हता. आपण दार लावले म्हणून दुसऱ्याने हाक मारली.

सरसकट मुसलमान म्हणून मागण्याचा रस्ताही आपण पाहिला. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या पाच टक्क्यांना स्थगिती दिली नाही. तरीही पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही, अध्यादेश संपला. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. वर्गात ज्या मुलांच्या वह्या त्या पैशातून येत होत्या, त्यांना आम्ही काय कारण सांगायचे? धर्माच्या नावाने मिळालेले एका रात्रीत जाते. मागासपणाच्या कसोटीवर मिळालेले १९९४ पासून टिकून आहे. हा हिशेब एवढा सोपा असताना आपण अजून 'मुसलमान लिखो' म्हणतो.

आणि आता खरी घडी आली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला. जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची अशी मोजणी. बिहारने २०२३ मध्ये आपली जातगणना जाहीर केली तेव्हा मुसलमानांच्याही जाती मोजल्या गेल्या. राज्यात मोमिन-अन्सारी साडेतीन टक्के आणि सय्यद पाव टक्क्याहूनही कमी निघाले. व्यासपीठांवरच्या खुर्च्या मोजल्या असत्या तर प्रमाण उलटे निघाले असते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुसलमान ११.५४ टक्के आहेत. त्यांत बागवान किती, मोमिन किती, छप्परबंद किती, कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक नसणे कोणाला परवडते? ज्याचे आधीच सगळे ठीक चालले आहे त्याला.

आतापासूनच सूचना कानावर येत आहेत : जातीच्या रकान्यातही 'मुसलमान'च लिहा, एकजूट दाखवा. सांगणारे बहुतेक चांगले लोक आहेत, त्यांची नियत वाईट नाही. पण आम्ही पाहतो की हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मुलांना ओबीसीच्या दाखल्याची कधी गरज पडलेली नाही. ज्याला गरज आहे त्याने त्यांच्या भिडेखातर स्वतःच्या मुलांचे दार बंद करून घेऊ नये.

प्रगणक दाराशी येईल तेव्हा धर्माच्या प्रश्नाला इस्लाम सांगा, आणि जातीच्या प्रश्नाला आजोबांच्या कागदावर जे आहे ते सांगा, मोठ्या आवाजात. शेजारचे ऐकतील तर ऐकू द्या. नाव शक्यतो राज्याच्या यादीत आहे तेच आणि त्याच रीतीने सांगा. एकाच घरातल्या तीन भावांनी पिंजारी, नदाफ आणि मन्सुरी अशी तीन नावे दिली तर तीन तुकडे मोजले जातील आणि तिन्ही लहान दिसतील, म्हणून गावाकडच्या भाऊबंदांशी आधी फोनवर बोलून ठेवा. कोतवाल बुकाचा उतारा काढलेला नसेल तर सुट्टीत गावी गेल्यावर काढून आणा. आणि घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्या जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिले आहे ते शाळेत येऊन एकदा पाहून जा. दहावीनंतर नव्हे, आत्ता.